अकरा गोगलगायींचं एकच नाव

माझी भाची संगणकावर काम करते. मी निवृत्त होईपर्यंत एका संस्थेत गोगलगायींच्या शंखांचा संग्रह सांभाळत होतो. आमच्या कामांची कधी गाठ पडेल असं वाटलं नव्हतं. पण शंखांच्या माहितीची सगळी कार्डं वेबसाइटवर चढवायचं ठरलं, वेबसाइट बनवायचं काम भाचीकडे आलं आणि तिनं मला बोलावलं.

"मामा, दहा-बारा कार्डं भरून बघ. मी मागे बसते, पण अवाक्षर काढायचं नाही. लोक कुठे अडतात तेच बघायचंय."

"आणि माझ्या हातून काही मोडलं तर?"

"मोडायलाच बोलावलंय."

संचालकबाईंनी बजावलं होतं, शुक्रवारी वेबसाइट सुरू होणार. तिच्यात न बसणारी कार्डं पेटीत भरून तळघरात जाणार. पेटी आणूनही ठेवली होती. चार हजार कार्डांपैकी हजारेकांवर नावापुढे माझं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह होतं. माझा जीव त्यांच्यातच अडकलेला. शंख भिंगाखाली धरून दिवस घालवायचे आणि शेवटी काय, तर प्रश्नचिन्ह. शंका का वाटते, ते कार्डाच्या पाठीवर लिहायची माझी सवय.

पहिलंच कार्ड तसलं निघालं. पडद्यावर जातीचं नाव यादीतून निवडायचं होतं. यादीत प्रश्नचिन्ह नव्हतं. जागा रिकामी सोडली, तर लाल अक्षरं उमटली: नाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मागे भाचीचं पेन वहीवर चालल्याचा आवाज आला. पोरीनं एवढ्या कष्टानं बनवलंय, मलाच जमत नसणार. मी यादीतलं सगळ्यात वरचं नाव निवडलं. पुढची दहाही कार्डं तसलीच निघाली, त्यांनाही तेच.

"झालं," मी म्हणालो. "फार सोपं आहे. सुरेख."

जेवणानंतर ती लॅपटॉप घेऊन आली.

"मामा, अकरा शंख, अकरा ठिकाणचे, आणि सगळे एकाच जातीचे?"

"असतील."

"ही जात समुद्राकाठची आहे. यातले तीन शंख डोंगरावरचे."

"चढून गेल्या असतील."

"गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात, ते तुझ्याकडे बघूनच! खरं सांग."

मी मान खाली घालून सांगितलं. एक कार्ड उलटून दाखवलं. तिनं मोठ्यानं वाचलं, "'तोंडाची कड फार जाड. पण वेढे जुळतात. मला खात्री नाही.' हे कुठे भरायचं?"

"त्याला जागाच नाही."

"मग तिथल्या तिथे बोलला का नाहीस?"

"अवाक्षर काढायचं नाही म्हणालीस ना."

"अरे, मी! तू नव्हे!" तिनं कपाळावर हात मारला आणि माझ्या अकराही नोंदी पुसून टाकल्या.

शुक्रवारी सकाळी नावाखाली तीन पर्याय दिसू लागले: नक्की, बहुधा, माहीत नाही. त्यांच्याखाली मोकळी चौकट, 'असं का वाटतं?'

संचालकबाईंनी नाक मुरडलं. "शंका कशाला साठवायच्या? बाहेरचे अभ्यासक हसतील आपल्याला."

"बाई, एक कार्ड भरून बघा," भाची म्हणाली. "मी बोलणार नाही."

बाईंनी हाताला लागलं ते कार्ड काढलं. अक्षर त्यांचंच होतं, माझ्या हाताखाली नव्यानं लागल्या तेव्हाचं. प्रश्नचिन्ह अर्थातच नव्हतं. त्यांनी नाव निवडलं, 'नक्की'वर बोट नेलं आणि तसंच धरून ठेवलं. मग डबी उघडून शंख उजेडात फिरवला.

"सर, भिंग आहे का?"

माझ्या खिशात असतंच. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग त्यांनी 'बहुधा' निवडलं आणि खालच्या चौकटीत लिहू लागल्या. चांगल्या सात-आठ ओळी लिहिल्या. भाची मागे बसली होती, पण वहीत काहीच टिपत नव्हती.

उठताना बाई एवढंच म्हणाल्या, "ती पेटी उगाच वाटेत आहे. कुणीतरी अडखळेल."

पेटी आता माझ्या टेबलाशेजारी आहे. तिच्यावर मी पिशवी ठेवतो. रोज सकाळी जातो, पंधराएक कार्डं होतात. 'माहीत नाही' हे बटण मी न लाजता दाबतो.

गेल्या आठवड्यात कुठल्या तरी लांबच्या विद्यार्थिनीनं वेबसाइटवर त्या जाड कडेच्या शंखाखाली लिहिलं, 'ही गोगलगाय म्हातारी असावी. या जातीत वयाबरोबर कड जाड होते. तुम्ही दिलेलं नाव बरोबर आहे.' सोबत तिच्याकडच्या सहा शंखांचे फोटो होते. मी ते दोनदा तपासले. मग खोडरबर घेऊन कार्डावरचं प्रश्नचिन्ह पुसलं. थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं. पण दिवस चांगला गेला.