उपासांनी वाढवलेली चरबी

"खंडेराया, काचेच्या पेटीतली माझी पोर हाती लागू दे, पाच वर्षं तुझे रविवार धरीन." शिवकांता हा नवस बोलली तेव्हा पोर सातव्या महिन्यातच जन्माला आलेली होती. देवानं ऐकलं. प्रतीक्षा घरी आली, आणि त्या रविवारांबरोबर मीही वाढीला लागले. मी शिवकांताच्या पोटावरची चरबी बोलतेय. नाक मुरडू नका.

तसा माझा जन्म त्याच्या थोडा आधीचा. आईचं दूध आटू नये, कठीण दिवस आले तरी लेकरू जगावं, म्हणून देहानं मला राखून ठेवलं होतं. काम झालं की मी निघून जायचे. पण मला जाऊ दिलं कुणी? रविवारला सोमवार जोडला गेला, नवऱ्याच्या दुकानासाठी. मग गुरुवार, सासूच्या गुडघ्यांसाठी. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वर कूट, तुपात परतलेले बटाटे. इतर दिवशी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर तीन वाजता ती बसायची. पातेल्यातलं, पोरीच्या ताटातलं, "अन्न टाकू न्हाय" म्हणत संपवायची. देवाचा यात काही दोष नाही. त्यानं साबुदाणा कधी मागितला नव्हता.

नवऱ्याचं, उमाशंकरचं, नळदुर्गला हायवेवर टायरचं दुकान. त्यानं मला पहिल्यांदा नावं ठेवली ती हसतच. "दुकानातले टायर खपत्यात, घरातला काय खपंना." तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून पदर पोटावरून आडवा घ्यायला लागली. पुढं तो तिला कुठं नेईनासाच झाला.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. गल्लीतल्या कमलबाई, नजरेनं अधू, पण हाताला गुण म्हणून त्यांच्याकडून पोटुश्या बाया ओटी भरून घेत. त्यांनी चाचपत मला हात लावला आणि शिवकांताच्या ओटीत पाच फळं घातली.

"कितवा लागला गं बाई?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बारावा असंल." हशा पिकला. भरलेली ओटी परत करू नये, आणि म्हाताऱ्या बाईला चारचौघांत खोटं पाडू नये, म्हणून शिवकांतानं फळं पदरात सावरली. वाकून नमस्कार करून घरी आली. संध्याकाळपर्यंत लोक दुकानात उमाशंकरला पेढे मागू लागले.

तो घरी आला तो दारातूनच बोलत. "माझं हसं केलंस. विरेशच्या लग्नाआधी हे पोट न्हाईसं कर. न्हाईतर त्या दिवशी माझ्या शेजारी उभं राहायचं न्हाई." विरेश म्हणजे तिचा धाकटा दीर. तिनंच वाढवलेला.

सोलापूरच्या डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं, "ताई, नळीनं चरबी ओढून काढली तरी वजन कमी होत नाही, फक्त आकार बदलतो. कातडी सैल राहील. खाणंपिणं तेच राहिलं तर चरबी दुसरीकडं साठेल. तुम्हाला स्वतःला करून घ्यायचंय ना?"

शिवकांतानं दाराकडं पाहिलं. बाहेर नवरा फोनवर बोलत होता. "व्हय," ती म्हणाली. उपासाच्या दिवशी खोटं न बोलणारी बाई, त्या दिवशी बोलली. सोमवार होता.

आधी माझ्यात औषधाचं पाणी भरलं. मग बारीक छेदातून नळी आली, मागं-पुढं फिरत राहिली, आणि मी भांड्यात जमत गेले, पिवळी, रक्तानं तांबूस. एका लेकरासाठी राखलेली मी, टाकायच्या पिशवीत गेले. सगळी काढत नाहीत. बोलतेय ती मागं राहिलेली.

वर घट्ट पट्टा आला. प्रतीक्षा रोज दुपारी माझ्यावर डोकं टेकून झोपायची. ती आली तशी शिवकांता कळवळली, "तिकडं नीज गं, दुखतंय." पोर भिंतीकडं तोंड करून निजली.

लग्नात उमाशंकर शिवकांताच्या शेजारी उभा राहिला. फोटो निघाले. फोटोवाला हलला तसा तो हळूच म्हणाला, "आता दंडाचंबी बघ. पोटाच्या मानानं लई जाड दिसत्यात."

पंगत बसत होती, पहिली, पुरुषांची. शिवकांता प्रतीक्षाला घेऊन तिथंच पानावर बसली. गुरुवार होता.

"अगं, बायकांची पंगत मागनं हाय," उमाशंकर म्हणाला.

"व्हय, म्हाईत हाय. पोटासाठी सोलापूरला जाऊन आले, आता त्या पोटाला येळंवर जेवू द्या." मग हात जोडून, ओठांतल्या ओठांत, "देवा, ह्यो नवस माझ्या नावानं. जेवण ऊन हाय तवर, सगळ्यांसंगं जेवीन."

मी अजून तिथंच आहे, थोडी, दबलेली, जागोजागी बधिर. तिनं नवस पाळला आणि मी हळूहळू विरत गेले, तर माझी तक्रार नाही. बायांनो, लेकरासाठी, घरधन्यासाठी खुशाल नवस बोला. पण एवढा एक तिच्यासारखा स्वतःच्या नावानंही बोला. आज दुपारीच, सगळ्यांबरोबर आपलंही ताट वाढून घ्या.