शेवटचं दार

खोक्यातून सुटी आलेली कपाटं लोकांच्या घरी जाऊन जोडून देणं हा माझा धंदा. गिऱ्हाइकाने स्वतःच अर्धवट जोडून ठेवलेलं कपाट दिसलं की माझं डोकं सटकतं, कारण ते आधी मोडावं लागतं.

त्या दिवशी दार उघडणाऱ्याच्या अंगठ्याला पट्टी होती आणि मागच्या खोलीत कपाट एका बाजूला कललं होतं. डावी फळी उजवीकडे, मागे जायची कच्ची कड पुढे, पाठीचा प्लाय उलटा. सूचनांचा कागद कुठे, असं विचारलं तर म्हणाला, गरज वाटली नाही. मी कपाळाला हात लावला.

मग त्याने खरं काय ते सांगितलं. त्याचे सासरे सुतार. आता म्हातारपणी लेकीकडे कायमचे राहायला येणार होते आणि कपाट त्यांच्याच खोलीत होतं. जावयाला साधा खिळा ठोकता येत नाही, हे ते येताजाता ऐकवायचे. म्हणून पठ्ठ्याने फोनवर ठोकून दिलं होतं, की तुमचं कपाट मी माझ्या हाताने जोडलंय. बायको त्यांना आणायला गेली होती. चारला पोचणार होते.

"ताई, एवढी लाज राखा," तो म्हणाला.

लाज राखणं माझ्या कामात बसत नाही, असं मी ऐकवलं आणि कामाला लागले. सगळं खोललं. सांगाडा जोडला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी मापं घेऊन काटकोन साधला, मगच पाठ ठोकली. माझी एक खोड आहे. स्क्रू घट्ट झाला, की त्याच्या डोक्यावरची फुली मी सरळ उभी करून ठेवते. कोणी बघत नाही, पण मला बरं वाटतं.

शेवटचं दार उरलं तेव्हा पेचकस त्याच्या हातात दिला. म्हटलं, निदान एवढं तरी तुम्ही करा, थाप चार आणे खरी होईल. तो जीभ बाहेर काढून स्क्रू पिळत बसला. दार जरा तिरकं लागलं. ते नीट करायला मी हात पुढे केला आणि घंटा वाजली. बायको आणि सासरे अर्धा तास आधीच आले होते.

माझी हत्यारांची पिशवी पलंगाखाली गेली, हातात रिकामा कप आला आणि मी वरच्या मजल्यावरची शेजारीण झाले. गुडघ्यांवर भुसा तसाच होता.

सासऱ्यांनी पाणीही न पिता कपाट गाठलं. कडांवरून हात फिरवला, आत डोकं घालून बराच वेळ पाहिलं. जावयाची पाचावर धारण बसली. माझीही, कारण त्यांचं बोट एकेका फुलीवर थांबत होतं.

"हे रोज कपाटं जोडणाऱ्याचं काम," ते म्हणाले आणि माझ्या गुडघ्यांकडे पाहून हसले. "मीही फुल्या अशाच सरळ ठेवायचो."

जावयाने मान खाली घातली. मला त्याची फार दया आली.

मग ते शेवटच्या दाराशी आले. तिथल्या फुल्या वाटेल तशा वाकड्या होत्या.

"आणि हे?"

"ते मी केलं, बाबा."

न राहवून मी म्हणाले, दोन मिनिटांत सरळ करून देते. त्यांनी दार उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ते कुरकुरलं, पण लागलं.

"राहू द्या, ताई," ते म्हणाले, आणि बॅग उघडून आपले कपडे त्याच दारामागे रचू लागले.