मागची दोन चाकं

आमच्या शार्दूलला काही निवडायचं म्हटलं की तो आधी एक्सेलची शीट उघडतो. मुली पाहायला लागला तेव्हा शीटमध्ये शिक्षण, उंची, स्वयंपाक, 'बोलताना हसते का' असे रकाने होते. ते भरून होईपर्यंत त्या मुलींची लग्नं होऊन जायची. माझी बहीण प्रतिमा पुण्याहून फोनवर रडायची. मुलगा तिचा, पण अमेरिकेत मावशी मी, म्हणजे घोंगडं माझ्याच गळ्यात.

अशात इशिताचं स्थळ आलं. मूळची नागपूरची, ओहायोतल्या अ‍ॅक्रनला रबरावर पीएच.डी. करणारी. शार्दूलला ती फोनवरच आवडली. रकाने भरायचे विसरला, यावरून मी काय ते ओळखलं. पण आमच्या जर्सी सिटीहून अ‍ॅक्रन म्हणजे गाडीनं दिवसभराचा रस्ता, वाटेत पेनसिल्व्हेनियाचे डोंगर, आणि दिवस थंडीचे. डिसेंबरात दोनदा जायचं ठरलं आणि दोन्ही वेळा यानं कॅन्सल केलं. कारण काय, तर टायर ठरत नव्हते.

टायरांचीही शीट झाली. बर्फावरची पकड, पावसातली पकड, आवाज, टिकाऊपणा. ऑफिसातला एक म्हणाला, गाडीला आहेत तेच बारमाही, ऑल-सीझन पुरतात. दुसरा म्हणाला, खिळ्यांचे घे. मराठी मंडळाच्या ई-मेल ग्रुपवर विचारलं, तर सगळ्यांत लांबलचक सल्ला टेक्सासातल्या प्लेनोहून आला. तिथं बर्फ पडतो कधी आणि हा माणूस शिकला कुठे, देव जाणे. मी म्हटलं, "अरे, टायर बघतोयस की बायको?" त्यावर त्यानं शांतपणे शीटमध्ये आणखी एक रकाना घातला.

जानेवारीत इशिताची ई-मेल आली. या शनिवारी आलात तर भेटू, नाहीतर राहू दे. एवढंच. शार्दूलनं ती मला वाचून दाखवली आणि खिडकीबाहेर बघत बसला. त्याला असं मी कधी पाहिलं नव्हतं.

आता आमच्या अरुणरावांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची एन्ट्री झाली. यांना कुणी विचारो न विचारो, मत तयार असतं. काका-पुतणे शोभावेत असे हे दोघे टायरांच्या दुकानात गेले. दुकानदारानं सांगितलं, बर्फात जायचं असेल तर विंटर टायर घ्या, आणि चारही घ्या.

"चार म्हणणारच," घरी येऊन अरुणराव म्हणाले. "दुकान त्याचं आहे. अरे, इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, गाडी ओढतात पुढची चाकं. मागची काय, नुसती मागून येतात. दोन बस्स झाले."

शार्दूलनं लॅपटॉप उघडला आणि मिटला. दोघांनी रिमसकट दोन टायर आणले होते. ते बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जॅक लावून स्वतःच पुढे बसवले. दोघेही इंजिनियर, मग सांगणार कोण आणि ऐकणार कोण.

शनिवारी पहाटे निघालो. शार्दूल गाडी चालवत होता, शेजारी अरुणराव नकाशाचे प्रिंटआउट घेऊन, आणि मागे मी. नुकतीच संक्रांत झाली होती, म्हणून मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा. मी कायमच मागे बसते. या देशातही मी यांच्या मागूनच आले. व्हिसाच तसा होता, नवऱ्यामागून आलेल्या बायकोचा, काम करायची परवानगी नसलेला. परवानगी मिळेपर्यंत इतकी वर्षं गेली, की भारतातलं माझं बँकेचं काम हातातून गेलं होतं. त्याबद्दल घरात कधी भांडण झालं नाही, कारण तो विषयच कधी निघाला नाही.

हायवे स्वच्छ होता. अरुणराव दर डोंगराला म्हणत होते, "बघितलंस? दोन बस्स."

अ‍ॅक्रनला पोचलो तेव्हा बर्फ पडत होता. इशिताची बिल्डिंग उताराच्या टोकाला. पार्किंग दाखवायला ती मोठं जाकीट घालून खाली उभी होती. शार्दूलला ती दिसली आणि त्यानं उतारावरच ब्रेक दाबला. पुढची चाकं शहाण्यासारखी थांबायला लागली. मागची थांबेनात. माझ्याकडची अर्धी गाडी आधी बाजूला गेली आणि मग पुढच्या अर्ध्या गाडीला ओलांडून निघाली. गाडी सबंध फिरली. थांबली तेव्हा तोंड जर्सी सिटीकडे आणि शेपूट बर्फाच्या ढिगात.

कुणाला लागलं नाही. लाडू मात्र सगळीकडे. एक अरुणरावांच्या जाकिटाच्या टोपीत जाऊन बसला होता. तिळगूळ घेऊन आले होते खरी, पण गोड बोलायची माझी तयारी नव्हती.

इशिता धावत आली. आधी माझं दार उघडून म्हणाली, "मावशी, लागलं नाही ना?" मग तिनं मुलाकडे पाहिलं असतं तर रीतीला धरून झालं असतं. ती मागच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि टायरवर अंगठा दाबून बघायला लागली.

"पुढे विंटर आणि मागे ऑल-सीझन? कुणाचा डिसिजन हा?"

अरुणरावांना कुणीतरी विचारलं याचाच आनंद झाला. इंजिन पुढे इथपासून मागची नुसती मागून येतात इथपर्यंत त्यांनी सगळं समजावून दिलं. टोपीत लाडू तसाच.

इशितानं पूर्ण ऐकून घेतलं. "काका, थंडीत हे रबर कडक होतं. पुढचे टायर रस्ता धरतात, मागच्यांना धरताच येत नाही. मग ते घसरणारच. नुसतं मागून यायलासुद्धा रस्त्यावर पकड लागते."

ती चाकांबद्दल बोलत होती, हे मला कळत होतं. तरी माझे डोळे भरून आले. मी लाडू वेचायच्या निमित्तानं सीटखाली वाकले.

"तुझं काय मत होतं?" तिनं शार्दूलला विचारलं.

आता हा लॅपटॉप काढतो की काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. शार्दूल काकांकडे बघून म्हणाला, "शीटमध्ये चारच आले होते. काकांना नाही म्हणायला घाबरलो. मावशी मागे बसणार हे माहीत होतं, तरी बोललो नाही. चुकलंच यार माझं."

इशितानं जाकिटातून आपल्या गाडीची किल्ली काढली. मग म्हणाली, "चल, शॉप बंद व्हायच्या आत दोन टायर घेऊन येऊ. पोहे नंतर."

ते दोघे तिच्या गाडीनं गेले आणि चांगलेच उशिरा परत आले. टायर घ्यायला एवढा वेळ लागत नाही, हे मलासुद्धा कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना इशिता मला नमस्कार करायला वाकली. "मावशी, पुढच्या महिन्यात मी जर्सी सिटीला येते. माझी गाडी घेऊन." शार्दूल काचेवरचा बर्फ खरवडत होता. एकच जागा किती वेळ खरवडत होता, काय सांगू.

अरुणराव नकाशे घेऊन सवयीनं पुढच्या दाराकडे आले. मी आधीच तिथं बसून पट्टा लावला होता. हात पुढे करून मी त्यांच्याकडून नकाशे घेतले आणि लाडवांचा डबा त्यांच्या हातात दिला.

"अहो, तुम्ही मागे बसा," मी म्हटलं. "घाबरू नका. आता मागेही चांगले टायर आहेत."