जीपच्या पोटातला डबा

सूरजची जीप गॅरेजच्या शेडमध्ये शिरेना. टपावर बसवलेली दिव्यांची पट्टी दाराच्या वरच्या अँगलला घासत होती. शेवटी राजमहंमद मिस्त्रीने ती बाहेर लिंबाखालीच उभी करायला सांगितली आणि तिच्याभोवती एक फेरी मारली.

जीप सहा इंच उचललेली होती. चाकं माणसाच्या कमरेला लागतील एवढी. पुढं दोर ओढणारा विंच, बाजूला हवेचं काळं नळकांडं, मागं दोन कॅन, काचेवर वाघाचं तोंड. एवढा सगळा थाट, आणि खाली मातीत तेलाचे थेंब पडत होते.

"काय व्हतंय?" राजमहंमदने विचारलं.

"चाचा, आण्याच्या पठारावर गेलतो आमी, धा-बारा गाड्या. चढाला लो टाकला की लिव्हर आपोआप सुटतोय. धाडदिशी." सूरज महाळुंगे पडवळ गावचा. वडिलांचे दोन जेसीबी होते आणि हा मुलगा सत्तावीस वर्षांचा झाला तरी गाड्या फिरवण्यापलीकडे काही करत नव्हता. "मंचरला दाखवली, चाकणला दाखवली. म्हणत्यात, ट्रान्सफर कुठल्या गाडीचा हाय तेच कळंना, तर पार्ट काय मागवायचा? कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. रविवारी परत पठारावर जायचंय, तेवढं बघा."

ट्रान्सफर म्हणजे गिअरबॉक्सच्या मागचा डबा. इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत तोच वाटून देतो, आणि लो टाकला की गाडी बैलासारखी हळू पण जोरात ओढते. चाळीस वर्षांत राजमहंमदने जुन्नरच्या या शेडमध्ये असे कितीतरी डबे उघडले होते.

"गाडी घेतली कुठनं?"

"पुण्यात एक जण अशा बनवून विकतो. आता फोन उचलत न्हाई."

राजमहंमद गोणपाट टाकून खाली शिरला. गाडी एवढी उंच की जॅक लावायची गरजच नव्हती. डब्यावर जिथं नंबराची पट्टी असते तिथं दोन रिकामी भोकं होती. शेजारी ओतीव अक्षरं असायला हवी होती, तिथं ग्राइंडर मारून सगळं गुळगुळीत केलेलं होतं.

"अमरीन," त्याने हाक मारली. "बॅटरी घिऊन ये."

अमरीन त्याची थोरली मुलगी. शेडच्या पुढच्या गाळ्यात तिचं स्पेअर पार्टचं दुकान होतं, आणि बापाच्या निम्म्या गिऱ्हाइकांना आता तीच पहिल्यांदा विचारायची, बिघाड काय ते. ती बॅटरी घेऊन वाकली.

"नंबर पुसलाय," ती म्हणाली.

"पुसू दे. अंगावरून कळंल." राजमहंमद खालूनच बोलत राहिला. "जुन्या जीपचा न्हाई. तिचा मागचा शाफ्ट बाजूला सरकलेला असतो, ह्याचा सरळ मधून जातोय. जिप्सीचा न्हाई. तिचा डबा गिअरबॉक्सपासून सुटा असतो, मधी आखूड शाफ्ट. हा चिकटून बसलाय. बॉडी अॅल्युमिनियमची. म्हंजी आत साखळी असणार. आणि इथं बघ, बाजूला मोटर बसायची जागा हाय. बटणावर चालणारा डबा व्हता हा. मोटर काढून पत्रा मारलाय आन् लिव्हर वेल्डिंग केलाय. वेल्डिंग तरी काय, कावळ्याच्या विष्ठेसारखं."

मग त्याने तेलाचा बोल्ट सोडला.

तेल आलंच नाही. त्याने स्क्रू ड्रायव्हर आत घालून ढवळलं, तेव्हा काळा लगदा लोंबकळत खाली आला आणि घमेल्यात पचकन पडला. जळकट, आंबूस वास सुटला. अमरीनने नाकाला ओढणी लावली. राजमहंमदने चिमटीत थोडा लगदा घेतला आणि बोटांवर चोळला.

"भुसा," तो म्हणाला. "लाकडाचा भुसा भरलाय तेलात."

"कशापायी?" सूरजने विचारलं.

"आवाज दबावा म्हणून. गिऱ्हाइकानं गाडी चालवून बघितली की गप गोड चालती. म्हयन्याभरानं आतलं सगळं खाऊन टाकती."

सूरज पुण्याच्या त्या माणसाला शिव्या द्यायला लागला. राजमहंमदला शिव्यांत रस नव्हता. यंत्र ज्याला कळतं त्यानेच हे केलेलं होतं. कळत नसलेल्या माणसाच्या चुका त्याने आयुष्यभर पोटात घातल्या होत्या. हे वेगळं होतं. त्याला अन्नात थुंकल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघा बापलेकींनी डबा खाली उतरवला. राजमहंमदने दोन्ही टोकांना खडूच्या रेघा मारल्या, लिव्हर हाताने लोमध्ये धरून ठेवला आणि पुढचं टोक फिरवत राहिला. मागचं टोक एकदा फिरेपर्यंत पुढचं अडीच फेऱ्या फिरलं. अमरीनने मोबाइलवर कंपनीच्या पुस्तकातली चित्रं काढून ठेवली होती. बोल्ट सहा, साखळी, अडीचचा लो, मोटरची जागा. दहा मिनिटांत तिने डब्याचं मॉडेल सांगितलं.

"हा काय पठारावरच्या हौशी गाड्यांचा न्हाई अब्बा. असल्या गाड्या आपल्याकडं फार नव्हत्या. सरकारी, नाहीतर संस्थांच्या."

मॉडेल कळलं होतं. सूरजला पार्टचा नंबर सांगून मोकळं होता आलं असतं. पण लिव्हर का सुटतो ते बघायला डबा उघडणं भागच होतं. राजमहंमदने दोन फाका वेगळ्या केल्या. तेल खेचणारी जाळी भुशाने गच्च चोंदली होती, साखळी ढिली पडली होती. त्याने भुसा खरवडून काढला आणि गिअर सरकवणारा फोर्क बाहेर घेतला.

फोर्कच्या टोकांना पितळी चकत्या होत्या. कंपनीच्या प्लॅस्टिकच्या असतात. या पितळी होत्या, हाताने कानशीने घासलेल्या, तांब्याच्या दोन-दोन रिव्हेटांनी ठोकलेल्या, आणि आता झिजून पातळ झालेल्या; म्हणूनच लिव्हर सुटत होता. राजमहंमदने त्या उजेडात धरल्या. मग डब्याची फाक उलटी केली, फडक्याने आतली कड पुसली. तिथं पंचाने मारलेले तीन ठिपके होते.

अमरीन जवळ आली. तिला ते ठिपके माहीत होते. त्याने स्वतः पार्ट बनवला की तो ते मारायचा.

"डिंगोऱ्याची," ती म्हणाली. "कुंडलिकभाऊंची गाडी."

डिंगोऱ्यात एका संस्थेची पेशंट नेणारी जीप होती. पश्चिमेच्या डोंगरातल्या सात-आठ वाड्यांतून आजारी माणसं ती खाली आणायची, आणि पावसात त्या वाटेवर दुसरं काही चढत नव्हतं. कुंडलिक तिचा ड्रायव्हर. चार वर्षांपूर्वी फोर्कच्या चकत्या झिजल्या, कंपनीच्या मिळेनात, तेव्हा राजमहंमदने रात्रंदिवस बसून या बनवल्या होत्या. दीड वर्षापूर्वी गाडी कायमची बंद पडल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. गाड्या बंद पडतात. त्याने काही विचारलं नव्हतं.

दुपारी तो एसटीने डिंगोऱ्याला गेला. कुंडलिक रोपवाटिकेत टोमॅटोची रोपं भरत होता. राजमहंमदने खिशातून फोर्क काढून दाखवला. कुंडलिकने तो हातात घेतला, दोनदा फिरवला आणि रोपांचा ट्रे तसाच टाकून संस्थेच्या आवाराकडे चालायला लागला.

जीप मागच्या पत्र्याखाली उभी होती. चारही टायर बसलेले. कुंडलिक जमिनीवर पालथा झाला आणि खाली बघून म्हणाला, "डबाच न्हाई. पोतं कोंबलंय."

पोत्यात कोंबडीने अंडी घातली होती. एक फुटलेलं होतं, त्यावर मुंग्या.

संस्थेचा सचिव सयाजी तेवढ्यात ऑफिसातून आला. पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्याने दोघांना आत नेलं आणि चहा मागवला. राजमहंमदने फोर्क टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. सयाजी नाकारेल, चिडेल, असं त्याला वाटलं होतं. सयाजीने तसलं काही केलं नाही.

"मिस्त्री, गाडी पडूनच व्हती. वस्तू सडण्यापरीस कुणाच्या कामी आली तर बिघडलं काय? वर आता डांबरी झालीय."

"डांबरी खिंडीपातुर," कुंडलिक म्हणाला. "फुडं तीन किलोमीटर चिखलच हाय."

"पावसाळ्यातच ना?"

"मग आजारी माणसानं पावसाळा सोडून पडायचं व्हय?" कुंडलिकचा आवाज चढला नाही. तो राजमहंमदकडे वळला. "माझ्या भाच्याची बायको मंगल. गेल्या आषाढात टोमॅटोच्या पिकअपमधी बाळंत झाली, क्रेटांच्या मधी. पिकअप चिखलात रुतलेली. पोर वाचलं. ती दीड म्हयना दवाखान्यात व्हती. अजून वाकून घागर उचलता येत न्हाई तिला."

सयाजीने मान हलवली, जसं कुणी लांबच्या गावची बातमी ऐकावी. मग म्हणाला, "आन् गाडी बंद मी एकट्यानं केली का? तुमीच सांगितलं व्हतं मिस्त्री. फोन केलता मी. लो सुटतोय म्हणलं, तुमी म्हणला कंपनीचा पार्ट आता मिळत न्हाई. तेच मी मीटिंगला सांगितलं. वाडीवाल्यांनाबी तेच सांगितलं, जुन्नरचा राजमहंमद मिस्त्री सांगतोय म्हणलं. तुमच्या नावाला मान हाय. कुणी फुडं बोललं न्हाई."

राजमहंमदला तो फोन आठवला. दुकानात गर्दी होती. कंपनीचा मिळत नाही, हे खरंच होतं. गाडी इकडं पाठवा, मी बनवून देतो, एवढं एक वाक्य तो बोलला नव्हता. कोणती गाडी तेही नीट विचारलं नव्हतं. तोंडातला चहा त्याला गिळवेना. उठून खिडकीबाहेर थुंकावा लागला.

"तब्येत बरी न्हाई का?" सयाजीने विचारलं, आणि मग हळू आवाजात, "हे बघा, आपल्या शाळेच्या तीन बस हायत. त्यांचं टायर, ऑईल, सगळं अमरीनच्या दुकानातून घेतो. हे इथंच मिटवू."

राजमहंमदने फोर्क उचलून खिशात घातला आणि बाहेर आला. त्याला सयाजीची किळस आली होतीच. त्याहून जास्त स्वतःच्या नावाची आली, कारण ते असं वापरता आलं होतं.

शनिवारी सूरज आला. राजमहंमदने त्याला डबा कुणाचा ते आणि मंगलचं काय झालं ते सरळ सांगितलं.

"माझा काय दोष, चाचा? मी पैसं मोजलेत. तुमी बसवून द्या, उद्या पठारावर जायचंय."

"मी न्हाई बसवणार."

"मग दुसरीकडं बसवतो."

"ने," अमरीन काउंटरमागून म्हणाली. "फोटो काढलेत मी सगळ्याचे. कुंडलिकभाऊ पोलिसात गेले तर मला विचारतील डबा कुठंय, आणि मला तुझं नाव सांगावं लागंल."

सूरज लिंबाखाली जाऊन वडिलांशी फोनवर बराच वेळ बोलला. परत आला तो म्हणाला, "ठेवा. पप्पा म्हणत्यात लफडं नको." वाड्यांबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही. मंगलचं ऐकलं तेव्हा मोबाइल बघत होता. डब्याशिवाय गाडी हलणार नव्हती, म्हणून ट्रॅक्टर बोलावला, आणि ती सहा इंच उचललेली जीप, दिवे, विंच, वाघ, सगळं घेऊन दोरीला बांधलेली जुन्नरच्या रस्त्याने गेली. चहाच्या टपरीवरची माणसं हसली. राजमहंमद हसला नाही.

साखळी, जाळी, सील आणि बटणाची मोटर अमरीनने मागवून घेतली. राजमहंमदने वेल्डिंगचा लिव्हर कापून काढला आणि नव्या चकत्या घासल्या. आठ दिवसांनी तो डबा घेऊन डिंगोऱ्याला गेला आणि तो पत्र्याखालीच बसवला, टायरांत हवा भरली, बॅटरी बदलली. कुंडलिकने वाड्यांत निरोप दिला होता. पंचवीस-तीस माणसं चालत आली, त्यांत बायाच जास्त.

सयाजीलाही कुणीतरी निरोप दिला असावा. तो हार आणि नारळ घेऊन आला, सोबत पेढे आणि फोटो काढायला एक माणूस. त्याने बॉनेटवर नारळ फोडला आणि बोलायला लागला, की संस्थेने प्रयत्नांची पराकाष्ठा करून गाडी पुन्हा सुरू केली. मग हार राजमहंमदपुढे धरला. "मिस्त्री, या. फोटोत या."

राजमहंमद पुढं आला, पण हार घेतला नाही.

"गाडी कायमची बिघडली नव्हती," तो लोकांकडे बघून म्हणाला. "आतला डबा काढून इकला व्हता. पार्ट मिळत न्हाई असं माझ्या नावानं सांगितलं तुमाला. मी फोनवर तसं म्हणलोबी व्हतो, न बघता. बघायला आलो असतो तर गाडी दोन दिवसांत चालली असती. ते माझ्याकडनं झालं न्हाई."

सयाजी हसला आणि पेढ्यांचा बॉक्स उघडून वाटायला लागला. लोकांनी पेढे घेतले. कुंडलिकनेही घेतला, कारण किल्ली अजून सयाजीच्या खिशात होती. ते बघून राजमहंमदला राग आला, पण कुंडलिकचा राग करायचा आपल्याला काही हक्क नाही हेही कळलं.

किल्ली मिळाली. कुंडलिकने गाडी चालू केली. तेवढ्यात गर्दीतून साळुबाई नावाची म्हातारी पुढं आली आणि काही न विचारता पुढच्या सीटवर चढून बसली. तिच्यामागून बाया चढल्या, मागं पोरं.

"संध्याकाळी गाडी पत्र्याखाली आणून लावा," सयाजीने सांगितलं.

"न्हाई आणायची," साळुबाई म्हणाली. ती सयाजीकडे बघतही नव्हती. "वर वाडीतल्या शाळंपाशी लावायची. आमी बघू कोण काय काढून न्हेतंय."

सयाजीने कुंडलिककडे बघितलं. कुंडलिकने तोंडातला पेढा गिळला, लो टाकून बघितला, तो सुटला नाही, आणि गाडी आवाराबाहेर काढली.

सयाजीने नंतर तीन वेळा पत्र पाठवलं. गाडी खाली आली नाही. पेशंट घेऊन येते, उतरवते आणि वर जाते. सयाजी अजून सचिव आहे. राजमहंमद दर महिन्याला एसटीने खिंडीपर्यंत जातो, तिथून कुंडलिक त्याला घेतो, आणि तो गोणपाट टाकून गाडीखाली शिरतो, तेल बघतो.