अर्ध्यातून गेलेले

कप्तान हे काही त्याचं खरं नाव नव्हे. गेममधल्या टोळीनं दिलेलं, आणि ताईनं चिडवायला उचललेलं. "उठा कप्तान, दुपार झाली," म्हणत ती कामाला निघायची. दुकान बंद पडून नोकरी गेल्यापासून हा बाबा घरात बसून गोळ्या झाडत होता, आणि खायला घालत होती मोठी बहीण. फुकटचं गोड लागतं म्हणतात. याच्या मात्र घशाखाली उतरत नव्हतं, एवढी लाज शिल्लक होती.

शेवटी ताईनंच सुचवलं. "कुठला खेळाडू कुठल्या मैदानात हरतो हे तुला तोंडपाठ. तेच कॉम्प्युटरला नीट विचारायला शीक की! त्याचा पगार देतात लोक."

आणि गडी शिकला हो! सामन्यांची आकडेवारी उतरवून घेतली, डेटाबेसमध्ये तक्ते मांडले, एकात खेळाडू, एकात सामने. दोन्ही जोडून कोण कुठे चमकतं, कोण कुठे माती खातं, सगळं क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, लिहून बाहेर काढू लागला. या खेळाडूंचा एक पक्का रिवाज होता. कुणी सामना अर्ध्यातून सोडला की तो धरायचाच नाही. आधी त्या ओळी उडवायच्या, मग सरासरी. कप्तानचा हात त्यावर असा बसला की विचारसुद्धा करावा लागेना.

ताईनं शब्द टाकला आणि ती नर्स होती त्याच उपचार केंद्रात त्याला तात्पुरतं काम मिळालं. पक्षाघातानं हातपाय गेलेली माणसं तिथे व्यायामाला येत. साहेब म्हणाले, "सकाळ आणि संध्याकाळ, दोन पाळ्या परवडत नाहीत. कुठल्या पाळीत पेशंट जास्त सुधारतात ते काढा."

संध्याकाळची पाळी ताईची. म्हणून तर कप्ताननं जास्तच काटेकोर काम केलं. बहिणीकडे झुकला असं कुणी म्हणायला नको! अर्धवट ओळी उडवल्या, सरासरी काढली. सकाळ कितीतरी पुढे. मन घट्ट करून त्यानं अहवाल दिला. साहेबांनी त्याची पाठ थोपटून नोकरी पक्की केली, संध्याकाळची पाळी बंद केली आणि ताईला नोटीस दिली.

"माझं जाऊ दे रे," ताई म्हणाली. "तुझं बस्तान बसलं ना? झालं तर मग."

पुढे साहेबांनी नोंदणी झालेल्या एकूण पेशंटांचा आकडा मागितला, आणि कप्तानचे डोळे खाडकन उघडले. सकाळचे निम्मे पेशंट त्याच्या हिशोबात नव्हतेच. ज्यांचं दुखणं जड, ते सकाळी कंटाळून सोडून जात. उरत ते मुळातच बरे, मग सरासरी चांगली येणार नाही तर काय? संध्याकाळी मात्र कुणी सोडतच नव्हतं. ताई फोन करून, रागावून, गोंजारून त्यांना यायला लावत होती. सुधारत होते ते थोडेच, पण येत होते.

अरे कर्मा! तो धावत साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "संध्याकाळी जागा दुसऱ्यांना दिली, करारही झाला. आता काय उपयोग?" बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय!

ताईला सांगताना त्याची जीभ अडखळली. तिनं सगळं ऐकून घेतलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती ओरडली नाही. तिनं त्याच्यासमोर फोन ठेवला. "माझ्या पेशंटांना कळवायचंय, सोमवारपासून सकाळी या म्हणून. तू कळव."

पहिल्या आजोबांनी फोन उचलला. "सकाळी सून कामावर असते हो. मला जिना कोण उतरवणार? राहू द्या आता." दुसऱ्या बाईंना नीट बोलता येत नव्हतं, त्या नुसत्या रडल्या. तिसऱ्याच्या मुलानं "बघतो" म्हणून फोन ठेवला.

कप्ताननं फोन ताईकडे सरकवला. "ताई, माझ्याच्यानं नाही होत."

"पुढचा लाव," ताई म्हणाली. "नाही कळवलंस तर सोमवारी संध्याकाळी बंद दारापाशी येऊन उभे राहतील."