नवसाच्या कोंबड्याचा खुराक

तुळजाबाईंनी देवीला नवस केला होता: सुनेची कूस उजवू दे, हा गावरान कोंबडा तुला देईन. तेव्हापासून इंद्रवेल्लीजवळच्या त्या घरात कोंबड्याचा थाट जावयासारखा होता. बाकीच्या कोंबड्या अंगणात पडेल ते टिपायच्या. याच्यासाठी मात्र म्हातारी रोज स्वतः उकिरडा उकरून मुंग्या आणि त्यांची अंडी वाटीत भरून आणायची.

एवढं खाऊनही कोंबडा वाळत चालला. छातीचं हाड वर आलं, विष्ठेत भाताच्या शितांसारखे पांढरे तुकडे वळवळू लागले.

"कोंबडा मेला तं देवीनंच नाही म्हटलं समज," तुळजाबाई सुनेला म्हणाल्या. "मंग राजकुमारसाठी दुसरी पाहा लागन."

राजकुमार, सुनयनाचा नवरा, समोरच मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. त्यानं मान वर केली नाही. सुनयनाला त्याचा असा संताप आला! पण बोलणार काय? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तिनं ते तुकडे गुपचूप स्पिरिटच्या बाटलीत घालून मयूरीकडे पोचवले. ही तिची माहेरची मैत्रीण हैदराबादला कोंबड्यांच्या कृमींवरच संशोधन करायची. काही दिवसांनी मयूरीचा फोन आला.

"पट्टकृमी आहे, सुनयना. डीएनए जुळवून पाह्यला. ही जात मुंग्यांतून कोंबडीच्या पोटात जाते. तुमी त्याले मुंग्या चारून राह्यले काय?"

सासूची मायाच कोंबड्याचा जीव घेत होती. आणि औषधाचं नाव काढायची सोय नव्हती. "नवसाच्या जिवाले दवा चालत नाही, नवस बाटते," असं सासूनं आधीच बजावलं होतं.

शेवटी आदिलाबादला बाजाराला गेली तेव्हा तिनं जनावरांच्या औषधाच्या दुकानातून जंताची गोळी आणली. सासू देवळात गेलेली पाहून ती गोळी भाकरीच्या तुकड्यात चुरून कोंबड्याला चारली.

कोंबडा सावरला. तुरा लाल झाला, पहाटे आरवू लागला. तुळजाबाईंचा आनंद गगनात मावेना.

"पावली माय! आता पाळणा हालतेच पाय घरात. चांगला खुराक पायजे म्हणत होती ना मी?"

"आत्याबाई, मुंग्या नका देऊ आता त्याले," सुनयना धीर करून म्हणाली.

"काऊन? मुंग्यांनीच तं बरा झाला!"

गोळीचं सांगावं, तर नवस बाटला आणि बाटवणारी ती. गप्प राहावं, तर कोंबडा पुन्हा वाळणार. इकडे आड, तिकडे विहीर.

तुळजाबाई उकिरड्यावरून वाटी भरून आल्या. मुंग्या कोंबड्यापुढं ओतल्या, हात धुतले, आणि तुपानं थबथबलेल्या शिऱ्याची ताटली सुनेपुढं ठेवली.

"तूबी खा. अंगी लागलं पायजे."

कोंबडा मुंग्यांवर तुटून पडला होता. सासू समोरून हलेना, तेव्हा सुनयनानंही घास उचलला.