कालव्याकाठच्या घराची रविवारची गिऱ्हाइकं

बुद्धभूषण मेश्रामने पार्सिपनीच्या अपार्टमेंटमध्ये बसून न्यू जर्सीतली पुष्कळ घरं पाहिली होती. सगळी बेज रंगाची, सगळ्यांना दोन गाड्यांचं गराज. मग एका शनिवारी उपासनाने त्याच्यासमोर फोन धरला. लॅम्बर्टव्हिल शहराच्या मध्यभागी, मुख्य रस्ता कालवा ओलांडतो त्या कोपऱ्यावर, लाल विटांचं तीन मजली घर. पावणेदोनशे वर्षांचं. एक दार रस्त्यावर, दुसरं कालव्याच्या बाजूला. पूर्वी या कालव्यातून खेचरं कोळशाच्या होड्या ओढायची आणि होडीवाले याच घरात उतरून बिअर प्यायचे.

"उद्या ओपन हाउस आहे, कुणीही येऊन घर बघू शकतं. जाऊ या," उपासना म्हणाली.

"आईलाही नेऊ," बुद्धभूषण म्हणाला.

आई म्हणजे रत्नाबाई. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर तिथल्याच इंदोरा भागातल्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहायच्या. आता सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. तो फ्लॅट विकायचा, ते पैसे इथल्या घरात घालायचे आणि आईने कायमचं इकडे यायचं, असं बुद्धभूषणने ठरवलं होतं. फक्त फ्लॅट काही केल्या विकला जात नव्हता. तिथल्या एजंटने पाठवलेली गिऱ्हाइकं उत्साहाने यायची, शेजारची रेखा कुलूप उघडून दाखवायची, आणि मग गिऱ्हाइकं फोनच उचलायची नाहीत.

घर फोटोपेक्षा सुंदर निघालं. ब्रेंडा नावाची एजंट दारात कुकीजचं ताट घेऊन उभी होती. बुद्धभूषण वर जाऊन तुळया बघत राहिला, उपासना कालव्याकडच्या खिडकीपाशी रमली. रत्नाबाई स्वयंपाकघरात खुर्चीवर टेकल्या. तिथे हिरव्या टोपीतली एक म्हातारी गोरी बाई आधीच बसलेली होती आणि एका तरुण जोडप्याला मायेने समजावत होती.

"पावसाळी दिवसांत खेचरांचा वास येतो म्हणे. भिंतीत मुरलाय."

त्या कालव्यावरून शेवटचं खेचर जाऊन नव्वद वर्षं झाली असतील. तरी जोडप्याने भिंत हुंगली, एकमेकांकडे पाहिलं आणि कुकी न घेताच ती दोघं निघून गेली.

मग ब्रेंडाला कोठीचं दार उघडेना. ती ओढून ओढून लाल झाली आणि किल्ली आणायला बाहेर गेली. हिरव्या टोपीवाली उठली, तिने दार किंचित वर उचललं, कमरेने एक धक्का दिला. दार उघडलं. आतला दिवाही तिने न बघता लावला. रत्नाबाई कुकी खात हे सगळं पाहत होत्या.

पुढच्या रविवारी बुद्धभूषणला घर पुन्हा बघायचं होतं. टोपीवाली तिथे होतीच, या वेळी निळ्या टोपीत. कालव्यातले बेडूक रात्रभर झोपू देत नाहीत, असं ती एका डॉक्टरला सांगत होती. डॉक्टर गेल्यावर रत्नाबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांचं इंग्रजी टेलिफोन एक्स्चेंजमधलं होतं, अतिशय सभ्य आणि खणखणीत.

"मॅडम, हे घर तुमचंच ना?"

बाईचा चेहरा उतरला. "हळू बोला! त्या एजंटने मला कधी पाहिलेलं नाही. सगळं माझ्या मुलीने डेन्व्हरहून फोनवर ठरवलंय. तुम्ही कसं ओळखलंत?"

"दारावरून शंका आली. बेडकांवरून खात्री पटली," रत्नाबाई म्हणाल्या. "नागपूरला माझा फ्लॅट विकायला काढलाय. शेजारीण गिऱ्हाइकांना सांगते की वरच्या मजल्यावर ढोलपथकाचा सराव चालतो. मीच तिला तसं सांगायला लावलंय."

बाई तोंडावर रुमाल धरून इतकी हसली की तिची टोपी घसरली. तिचं नाव विनिफ्रेड. या घरात तिची पन्नासेक वर्षं गेली होती. गुडघे गेल्यापासून ती दोन रस्ते पलीकडच्या वृद्धांच्या वसाहतीत राहत होती आणि तिथे तिला मुळीच करमत नव्हतं.

"मग मुलीला नाही म्हणा की."

"तुम्ही मुलाला म्हणालात?"

यावर रत्नाबाईंनी दुसरी कुकी घेतली.

त्यानंतर दोघींनी मिळून काम सुरू केलं. विनिफ्रेडचं मत पडलं की आता गिऱ्हाइकांना भुताची गोष्ट सांगावी, होडीवाल्याच्या. रत्नाबाईंनी ते साफ धुडकावलं.

"मी बाबासाहेबांची अनुयायी आहे. भूतबीत माझ्या तोंडून निघणार नाही. आणि खोटंच सांगायचं तर पटेल असं सांगावं. माणसं भुताला घाबरत नाहीत, पार्किंगला घाबरतात."

तिसऱ्या रविवारी न्यूयॉर्कहून एक जोडपं मोजपट्टी घेऊन आलं. त्यांना मधली भिंत पाडायची होती. साडीवर स्वेटर घातलेल्या रत्नाबाई त्यांच्या जवळ गेल्या आणि अदबीने म्हणाल्या, "एक्स्क्यूज मी, तुम्हाला गाडी कुठे मिळाली लावायला? माझा मुलगा पाऊण तास फिरतोय." बुद्धभूषण तेव्हा वरच्या मजल्यावर खिडक्यांचे फोटो काढत होता. जोडप्याने मोजपट्टी गुंडाळली.

उपासनाच्या मात्र काहीतरी लक्षात यायला लागलं होतं. सासूबाई इतक्या आनंदाने रविवारची वाट का बघतात, हे तिला कळेना. त्याच दुपारी ती कालव्याच्या काठाने चालत होती. पुलाखाली रत्नाबाई फोनवर बोलत उभ्या होत्या. नागपूरला मध्यरात्र उलटून गेली असणार, पण रेखा जागीच होती.

"काहून वं रेखा, ढोलाचं सांगितलं तरी घेतो म्हणतो? बहिरा हाये का बापा? मग सांग, टाकीत कबुतरं पडतात. हो, रोज. जय भीम, ठेवते."

त्या वळल्या, तर समोर सून.

"आई!" उपासनाला हसू येत होतं आणि रागही. "भूषण इतके दिवस नागपूरच्या त्या एजंटला शिव्या घालतोय. तुम्ही सरळ नाही म्हणाला असतात तर त्याने ऐकलं असतं."

रत्नाबाई कालव्याकडे बघत राहिल्या. पाण्यावर दोन बदकं होती.

"लहानपणी त्याने कधी काही मागितलंच नाही गं. बूट फाटले तरी बोलायचा नाही, कागद घालून शाळेत जायचा. आता पहिल्यांदा म्हणाला, आई, फ्लॅट विकू या. कशी म्हणू नाही?" मग त्या म्हणाल्या, "पण माझी सगळी माणसं तिथे आहेत. विहारातल्या बायका आहेत. इथे मला दूध आणायचं तरी तुमची गाडी लागते."

उपासनाने त्यांचा हात धरला. "पुढच्या रविवारपर्यंत तुम्हीच सांगा त्याला. मी नाही सांगणार."

पुढच्या रविवारपर्यंत त्यांनी काही सांगितलं नाही. बुद्धभूषणने मात्र फ्लॅट आज ना उद्या विकला जाईलच या भरवशावर ऑफर टाकली. ओपन हाउसमध्ये ब्रेंडा टाळ्या वाजवत स्वयंपाकघरात आली.

"गुड न्यूज! मिस्टर मेश्राम यांची ऑफर आली आहे. मालकीणबाईंच्या मुलीलाही ती पसंत आहे. आता फक्त मालकीणबाईंची सही!"

"हे घर विकायचं नाही!" कोपऱ्यातून आवाज आला. आज टोपी लाल होती.

"आणि आपण कोण?" ब्रेंडाने विचारलं.

"मालकीण."

ब्रेंडा ताट हातात धरून तशीच उभी राहिली. "चार रविवार मी तुम्हाला कुकीज खाऊ घातल्या," ती म्हणाली.

विनिफ्रेडचं बोलणं ऐकून रत्नाबाईंनाही बळ आलं. त्या उठल्या, पदर नीट केला.

"भूषण, माझा फ्लॅटही विकायचा नाही. गिऱ्हाइकं मीच पळवली. इथलीसुद्धा."

बुद्धभूषण एकदा आईकडे, एकदा टोपीकडे बघत राहिला. "आई, यार... एजंट म्हणत होता ते ढोलपथक?"

"नाहीच आहे."

"मी सोसायटीच्या चेअरमनला दोन मेल लिहिल्या त्या ढोलांवरून!"

उपासनाला हसू आवरेना, ती बाहेर पळाली. विनिफ्रेडने तिथल्या तिथे मुलीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. घर विकायचं नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. मग मुलगी म्हणाली, "मॉम, त्या जिन्याचा कंटाळा आलाय असं तूच म्हणाली होतीस. मला वाटलं तुलाच विकायचंय."

"मी जिन्याबद्दल बोलत होते," विनिफ्रेड म्हणाली आणि रडायला लागली. रत्नाबाईंनी तिच्या हातात कुकी दिली.

मार्ग काढला तो उपासनाने. घराला दोन दारं होती. विनिफ्रेडने कालव्याकडच्या दाराने तळमजल्यावर राहावं, तिथे जिना चढायचाच नाही. वरचे दोन मजले भूषण आणि उपासनाने भाड्याने घ्यावेत. रत्नाबाईंनी थंडी नागपुरात काढावी, उन्हाळा इथे. बुद्धभूषण दोन आठवडे फुगून बसला. घर आपल्या नावावर हवं होतं, भाडं तर पार्सिपनीतही भरतच होतो, असं तो पुन्हा पुन्हा म्हणाला. एका संध्याकाळी, उपासनाकडून ऐकल्यावर, त्याने आईला विचारलं, "बुटांची गोष्ट तुला माहीत होती?" रत्नाबाई म्हणाल्या, "कागद कुठून आणायचास? माझ्याच ऑफिसातला होता तो." त्यानंतर त्याने भाडेकरारावर सही केली.

सामान हलवलं त्या दिवशी सोफा जिन्यात अडकला. शेवटी तो दोर बांधून कालव्याकडच्या खिडकीतून वर ओढायचा ठरला. काठाने फिरणारी माणसं थांबून सल्ले द्यायला लागली. खाली विनिफ्रेड "डावीकडे!" ओरडत होती आणि रत्नाबाई "उजवीकडे घे रे!" ओरडत होत्या. वरून बुद्धभूषण दोघींनाही गप्प बसायला सांगत होता, पण कोणी ऐकत नव्हतं. सोफा वर पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि सोफ्याचा एक पाय कालव्यात पडला होता.